रंगीबेरंगी लग्नाची सजावट आणि पत्रिका: फोटोत आवडलेलं प्रत्यक्षात कसं उतरवायचं

एखाद्या रंगीबेरंगी लग्नाचे फोटो बघताना गुलाबी, केशरी, पिवळा, निळा अशी सगळी उधळण एकदम नजरेत भरते. तेच सगळे रंग उचलून आपण सजावट केली, की मात्र बऱ्याचदा जत्रा दिसते. याचं कारण असं, की फोटोत आपल्याला रंग दिसतात, पण ते रंग कुठे थांबवले आहेत हे दिसत नाही. शिवाय लोक रंग मोबाइलच्या पडद्यावर ठरवतात, आणि मग कापड एका छटेचं, फुलं दुसऱ्या छटेची, पत्रिका तिसऱ्याच छटेची येते. या लेखातला क्रम त्यामुळे थोडा उलटा वाटेल: जे बदलता येत नाही ते आधी ठरवायचं, आणि जे हवं तसं करून घेता येतं ते त्याला जुळवायचं.

आधी आवडलेल्या फोटोंची चिरफाड

दहा वेगवेगळ्या लग्नांचे दहा फोटो जमवू नका. एकाच लग्नाचे आठ-दहा फोटो घ्या: मंच, प्रवेशद्वार, जेवणाची टेबलं, पत्रिका, पाट्या. आता कागदावर प्रत्येक रंगाचं नाव लिहा आणि तो किती ठिकाणी, केवढ्या आकारात आला आहे ते नोंदवा. चांगल्या सजावटीत एक गोष्ट हमखास सापडते. प्रत्येक रंग निदान तीन ठिकाणी, तीन वेगळ्या आकारांत येतो. मंचामागच्या कापडातला मोरपंखी टेबलावरच्या रुमालात दिसतो आणि पत्रिकेच्या पाकिटाच्या अस्तरातही डोकावतो. एकाच ठिकाणी आलेला रंग चुकून राहिल्यासारखा वाटतो.

दुसरी नोंद विसाव्याच्या रंगाची. पांढरा, मोतिया, फिकट राखाडी, लाकडाचा किंवा पानांचा हिरवा, यांपैकी काहीतरी फोटोभर पसरलेलं असतं आणि आपलं लक्षही जात नाही. तेच बाकीच्या रंगांना सावरून धरतं.

तिसरी तपासणी फिल्टरची. फोटोतल्या खात्रीने पांढऱ्या वस्तू बघा: बशा, कोरा कागद, शर्टाची कॉलर. त्या पिवळसर दिसत असतील तर सगळा फोटो उबदार केलेला आहे, आणि तुम्हाला आवडलेला तो गेरूसारखा केशरी प्रत्यक्षात बराच लख्ख असू शकतो. मग फोटो कृष्णधवल करून बघा. गुलाबी, केशरी आणि हिरवा तिन्ही एकाच करड्या छटेत मिसळले तर रंग वेगळे असूनही उजेड-अंधाराचा फरक नाही. अशी रंगसंगती लांबून चिखल दिसते. एक गडद, एक मध्यम, एक फिकट एवढी पायरी तरी हवीच.

रंगांची वाटणी

पाच ते सहा रंग पुरेसे आहेत. सातव्यानंतर खरेदी आणि जुळवाजुळव दोन्ही हाताबाहेर जातात. विसाव्याच्या रंगाला साधारण ५० ते ६० टक्के जागा, दोन मुख्य रंगांना मिळून ३० टक्के, आणि उरलेल्या १० ते २० टक्क्यांत दोन-तीन लहान रंग. हे मोजमाप पट्टी लावून करायचं नाही, पण मंचाचं रेखाचित्र काढून ते रंगवलं की अंदाज चटकन येतो.

रंग निवडताना रंगचक्रात शेजारी बसणारे दोन-तीन घ्या (गुलाबी, कोरल, केशरी) आणि त्यांना अडवणारा समोरचा एकच घ्या (मोरपंखी किंवा गडद हिरवा). समोरासमोरचे दोन भडक रंग सारख्या प्रमाणात आले की डोळे दुखतात. लाल आणि हिरव्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या हे त्याचं नेहमीचं उदाहरण. सोनेरी हाही रंगच मोजा. पत्रिकेवरची फॉइल (धातूसारखा चमकता मुलामा), फुलदाण्या, खुर्च्यांचे पाय, चमचे असं करत तो नकळत सगळीकडे पसरतो, आणि प्रत्येक ठिकाणचा सोनेरी वेगळा असतो.

किल्ली कापडाच्या तुकड्यात

आता क्रम लावा. जागेच्या भिंती, गालिचा आणि खुर्च्या बहुधा बदलता येत नाहीत. फुलांचा रंग मागून मिळत नाही, त्या ऋतूत जे फुलतं ते घ्यावं लागतं. कापड ठरावीक छटांत मिळतं. छपाईची शाई मात्र हव्या त्या रंगाची मिसळून घेता येते. म्हणून पत्रिका सगळ्यांत आधी लागत असली, तरी तिचा रंग कापड बघितल्याशिवाय पक्का करू नये.

करायचं असं: लग्नाच्या पाच महिने आधी जागेवर जाऊन गालिचा, भिंत आणि खुर्च्यांचे फोटो घ्या. फोटोत शेजारी एक कोरा पांढरा कागद धरा, म्हणजे रंग किती सरकलाय ते नंतर कळतं. मग कापडाच्या दुकानातून ठरवलेल्या प्रत्येक रंगाचे १० × १० सेंटिमीटरचे चार-चार तुकडे आणा. एक संच स्वतःकडे ठेवा. बाकीचे डेकोरेटरला, फुलवाल्याला आणि छपाईवाल्याला द्या. पुढे सगळं बोलणं या तुकड्यांवर होऊ द्या. ‘जरा डार्क पिंक’ या शब्दांचा चार जण चार अर्थ लावतात.

तुकडे दिवसाच्या उजेडात आणि संध्याकाळी, ज्या दिव्यांत समारंभ होणार त्यांत, अशा दोन्ही वेळी बघा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन तुकडे बाहेर उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक प्रकाशात ती वेगळी वागतात. कापड आणि छापील कागद यांच्यात हे फार होतं. दोन्ही प्रकाशांत तंतोतंत जुळणी मिळालीच नाही, तर ज्या प्रकाशात पाहुणे जास्त वेळ असणार तो निवडा आणि पुढे चला.

पत्रिका: आकार आणि वजन

नेहमीच्या संचात मुख्य पत्रिका, कार्यक्रमपत्रिका, जागेचा नकाशा, उत्तर कळवण्याचं कार्ड (किंवा त्याऐवजी क्यूआर कोड) आणि पाकीट असतं. आकार प्रमाणित घेतले तर कागद वाया जात नाही आणि तयार पाकिटं मिळतात. ए५ (१४८ × २१० मिमी) पत्रिका सी५ (१६२ × २२९ मिमी) पाकिटात बसते, ए६ (१०५ × १४८ मिमी) सी६ (११४ × १६२ मिमी) मध्ये. चौरस पत्रिका दिसते छान, पण टपालाच्या यंत्रांना ती आवडत नाही आणि बऱ्याच ठिकाणी तिला जादा शुल्क पडतं.

वजन आधीच काढता येतं. ए५ म्हणजे एक चौरस मीटरचा बत्तिसावा भाग, ए६ म्हणजे चौसष्टावा. ३५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए५ पत्रिका ३५० ÷ ३२, म्हणजे जवळपास ११ ग्रॅम. ३०० जीएसएमची दोन ए६ कार्डं मिळून साडेनऊ. १२० जीएसएमचं सी५ पाकीट सुमारे १० ग्रॅम. झाले तीस, आणि अजून रिबन, गोंडा, लाखेची मोहोर यायचीच आहे. कच्चा नमुना पूर्ण बांधून टपालाच्या तराजूवर ठेवल्याशिवाय बाकीच्यांवर तिकिटं चिकटवू नका.

मुख्य पत्रिकेला ३०० ते ३५० जीएसएम, आतल्या कार्डांना २५० ते ३००, पाकिटाला १२० ते १४०, अस्तराला ८० ते १०० पुरे. लेटरप्रेससाठी (अक्षरं कागदात दाबून उमटवणारी छपाई) मात्र ६०० जीएसएमच्या आसपासचा जाड, मऊ कॉटन कागद लागतो, नाहीतर अक्षरांचा तो दाबलेला खड्डा येतच नाही.

पत्रिका: पडद्यावरचा रंग छापून का येत नाही

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. लख्ख केशरी, पोपटी, चमकता गुलाबी आणि गडद जांभळट निळा हे रंग चार शायांच्या छपाईत, म्हणजे सीएमवायकेत (सायन हा निळा, मॅजेंटा हा गुलाबी, पिवळा आणि काळा), विझतात. रंगीबेरंगी पत्रिकेत नेमके हेच रंग हवे असतात. उपाय तीन. एक तर डिझाइन सुरुवातीपासून सीएमवायकेत करा म्हणजे नंतर धक्का बसत नाही. दुसरं, एक किंवा दोन महत्त्वाच्या रंगांसाठी स्वतंत्र, आधीच मिसळून घेतलेली स्पॉट शाई वापरा. पँटोन (शायांच्या प्रमाणित रंगांची यादी) क्रमांक देताना शेवटचं अक्षर बघा: ‘सी’ गुळगुळीत कोटेड कागदासाठी, ‘यू’ अनकोटेडसाठी. शाई तीच असली तरी दोन्ही कागदांवर ती वेगळी दिसते. तिसरा उपाय सगळ्यांत सोपा: रंग छापूच नका, रंगीत कागदच घ्या. रंगलेल्या कागदाचा खोल केशरी छापलेल्या केशरीपेक्षा नेहमीच सरस दिसतो, कडेलाही पांढरी रेघ दिसत नाही.

पण रंगीत कागदावर साधी छपाई चालत नाही. चार शाया पारदर्शक असतात. निळ्या कागदावर पिवळी शाई टाकली तर पिवळा येत नाही, मळकट हिरवट काहीतरी येतं. तिथे स्क्रीन प्रिंटिंगची (जाळीतून शाई ढकलणारी छपाई) दाट शाई, फॉइल, किंवा खाली पांढऱ्या शाईचा थर देणारी डिजिटल छपाई लागते.

निळ्याची एक खोड लक्षात ठेवा. सायन आणि मॅजेंटा दोन्ही जवळजवळ सारखे भरले की निळा छापून जांभळा येतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा.

कुठली छपाई घ्यावी हे संख्येवर आणि डिझाइनवर ठरतं. शंभर-दोनशे प्रती आणि भरपूर रंग असतील तर डिजिटल. पाचशेच्या पुढे ऑफसेट (प्लेट बनवून केलेली छपाई) परवडतं. एक-दोन ठसठशीत रंग आणि रंगीत कागद असेल तर स्क्रीन प्रिंटिंगला तोड नाही. लेटरप्रेसवर मोठे भरीव रंगाचे ठोकळे डागाळ उठतात, तिथे बारीक रेघा आणि अक्षरंच शोभतात.

पत्रिका: देवनागरी अक्षरं

इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या मांडणीत मराठी मजकूर नुसता ओतला की घोटाळे होतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि ‘निमंत्रण’ हा शब्द चार सुट्या तुकड्यांत उभा राहतो. म्हणून अंतर शून्यावर ठेवा. ऐसपैस वाटायला हवं असेल तर अक्षराचा आकार वाढवा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला सरकते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. गंमत अशी, की डिझाइनरला मराठी येत नसेल तर त्याला यात काहीच वावगं दिसत नाही. प्रेसला देण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे टंकाऐवजी चित्राच्या रेषांत, बदलून पीडीएफ करा आणि त्या पीडीएफचा कागदावर प्रिंट काढून वाचा. ‘र्‍या’, ‘त्र’, ‘क्त’, ‘श्री’ आणि रफार असलेलं प्रत्येक अक्षर बोट ठेवून तपासा. मजकुराची बदलता येणारी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, आउटलाइन केलेल्यात एक काना सुधारायचा तरी कटकट होते.

फॉइलसाठी रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक नको. अक्षरांच्या आतल्या पोकळ्याही तेवढ्या मोकळ्या हव्यात. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्य’ लहान आकारात फॉइल केले की पोटं बुजतात आणि सोनेरी ठिपका उरतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं १० पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि जाडसर टंक घ्या. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईने छापा. चार शायांचा काळा केला आणि छपाई केसभर सरकली तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते.

पत्रिका: प्रूफ, घडी, पाकीट

प्रेसला फाइल देताना चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी रंगाची जादा कड), कडेपासून ५ मिमी आत मजकूर आणि चित्रं ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके). प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, त्याच कागदावर मागा ज्यावर छपाई होणार आहे. आर्ट पेपरवरचं झगझगीत प्रूफ पाहून हो म्हटलं आणि छपाई हॅन्डमेड कागदावर झाली, तर रंग शोषले जाऊन एक पायरी गडद आणि मंद येतात. प्रूफ खिडकीशी नेऊन कापडाच्या तुकड्याशेजारी धरा. सही करण्याआधी तारीख आणि वार जुळतात का, वेळ आणि पत्ता बरोबर आहे का, हे ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून वाचून घ्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

२०० जीएसएमच्या वरच्या कागदाला घडी घालायची तर आधी यंत्रावर क्रीझ (घडीची दाबलेली खाच) पाडून घ्या. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेला समांतर असेल तर स्वच्छ पडते; आडवी गेली तर कागद फुटतो. दिशा ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूने कमी विरोध होतो, घडी त्या बाजूची. घडीवरून गडद रंगाचा ठोकळा किंवा फॉइल नेऊ नका, कितीही क्रीझ पाडली तरी तिथे पांढरी चीर दिसतेच.

पाकीट बाहेरून शांत आणि अस्तर आतून उधळलेलं, ही जोडी आम्हाला सगळ्यांत जमून आलेली वाटते. पत्रिकेतलंच नक्षीकाम मोठं करून अस्तरावर छापा, पाकिटापेक्षा प्रत्येक कडेला ५ मिमी लहान कापा, डिंकाची पट्टी मोकळी सोडा आणि फक्त वरच्या झाकणाला चिकटवा. पूर्ण चिकटवलं तर झाकण दुमडताना अस्तराला सुरकुती पडते. गडद पाकिटावर पत्ता पांढऱ्या जेल पेनने छान दिसतो, पण वाळायला वेळ द्या. टपालाने जाणाऱ्यांवर फिकट लेबल लावलेलं बरं. खरी लाख प्रवासात तडकते. ग्लूगनमधून येणारी लवचीक लाख घ्या, आणि मोहोर वेगळी पाडून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ठिपक्याने लावा.

क्यूआर कोड निदान २ सेंटिमीटरचा, भोवती मोकळी जागा सोडलेला, फिकट पार्श्वभूमीवर गडद. सोनेरी फॉइलमधला क्यूआर कोड दिव्याखाली चमकतो आणि वाचला जात नाही.

प्रती माणसांवर नाही, घरांवर मोजा. १५० घरं असतील तर १५० अधिक १० टक्के, वर आठवणीसाठी आणि फोटोसाठी पाच-सहा: म्हणजे १७०. पाकिटं १८०, कारण पत्ते लिहिताना ती बिघडतात. डिझाइन चार महिने आधी, छपाई तीन महिने आधी सुरू झाली तर लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी पत्रिका निघतात. उत्तर कळवायची तारीख लग्नाच्या तीन-चार आठवडे आधीची ठेवा.

पाट्या, टेबलक्रमांक, नावांचा फलक

नियम सोपा आहे: तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर अडीच सेंटिमीटर उंच. देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची धरा, वेलांटी-उकार सोडून. स्वागताची पाटी ६० × ९० सेंटिमीटरची पुरते. टेबलाचा क्रमांक १० × १५ सेंटिमीटरच्या कार्डावर, अंक ६ सेंटिमीटरचा आणि दोन्ही बाजूंनी छापलेला. नाहीतर अर्ध्या पाहुण्यांना कोरी पाठ दिसते.

कोण कुठे बसणार या फलकावर नावं अकारविल्हे लावा. टेबलवार लावली तर प्रत्येकाला सगळी टेबलं वाचावी लागतात आणि फलकापुढे गर्दी साचते. १२० नावांसाठी ६० × ९० चा फलक, चार रकाने, प्रत्येकी तीस ओळी, अक्षरं ८ मिमीची. फलक दारात नको, दारापासून सात-आठ पावलं आत असू द्या. तो सगळ्यांत शेवटी, आकडा पक्का झाल्यावर, पाच-सहा दिवस आधी छापा.

पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाट्या फोटोत मोहक दिसतात. प्रत्यक्षात मागे फुलांची गर्दी असेल तर पांढरी अक्षरं त्यात विरघळतात. मागच्या बाजूने विसाव्याच्या रंगाचा ओबडधोबड फटकारा मारला की प्रश्न मिटतो. मोकळ्या जागेत प्रत्येक स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधा.

कापडाचा हिशेब

मंचामागचा पडदा सपाट ताणला तर गरीब दिसतो. चुण्यांसाठी रुंदीच्या दुप्पट कापड धरा, जाळीदार किंवा शिफॉनसारखं पातळ असेल तर अडीच ते तीनपट. उदाहरण: पडदा ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच, कापडाचा पन्हा ११० सेंटिमीटर. दुप्पट म्हणजे १२ मीटर रुंदी, भागिले १.१, म्हणजे ११ पट्टे. प्रत्येक पट्ट्याला उंची ३ मीटर अधिक वरची नळी आणि खालची दुमड मिळून ३० सेंटिमीटर. एकूण ३६.३ मीटर, ३८ घ्या. हे अकरा पट्टे रंगांत वाटताना आधी ठरवलेलं प्रमाण कामी येतं: सहा विसाव्याच्या रंगाचे, दोन-दोन मुख्य रंगांचे, एक लहान रंगाचा. तो एकटा पट्टा मधोमध नको, एका बाजूला सरकवा.

एका रंगाचं सगळं कापड एकाच ताग्यातून किंवा निदान एकाच लॉटमधून घ्या. नंतर आणलेले चार मीटर शेजारी लागले की फरक उठून दिसतो. मंचामागे सॅटिन टाळा, फ्लॅश पडला की पांढरे डाग येतात. कापड बांधल्यावर वाफेच्या इस्त्रीने खालपासून वर सुरकुत्या काढा.

१५० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टेबलाला आठ जण बसतात. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर जमिनीपर्यंत पोचणारं कापड ३०० सेंटिमीटर व्यासाचं लागतं. टेबलाचं कापड विसाव्याच्या रंगात आणि रुमाल मुख्य रंगात, असं उलटसुलट न करता ठेवा. भडक टेबलावर फुलं दिसतच नाहीत.

फुलं

सगळे रंग प्रत्येक फुलदाणीत कोंबू नका. तीन वेगवेगळ्या मांडण्या ठरवा, प्रत्येकीत दोन-तीनच रंग, आणि त्या टेबलांवर आळीपाळीने ठेवा. दालन रंगीत दिसतं आणि प्रत्येक टेबल शांत राहतं. १५ सेंटिमीटर रुंद बसक्या भांड्याला मध्यम आकाराची २० ते २५ फुलं लागतात. मांडणीची उंची एकतर ३५ सेंटिमीटरच्या खाली किंवा ६० च्या वर. मधली उंची समोरच्या माणसाचा चेहरा झाकते. खरं निळं फूल मिळणं अवघड. निळा कापडातून, काचेतून, कागदातून आणा. रंगात बुडवलेली फुलं हाताला आणि टेबलाच्या कापडाला रंग सोडतात.

झेंडू, शेवंती आणि कार्नेशन पाण्याशिवाय काही तास तग धरतात, म्हणून माळा आणि कमानींसाठी तीच. हायड्रेंजिया पाण्याबाहेर लगेच माना टाकतो. गुलाब समारंभाच्या दोन दिवस आधी कळीत घ्या, लिली तीन-चार दिवस आधी, आणि लिली उमलताच तिचे परागकोश चिमटीने काढा. परागाचा डाग कापडावर पडलाच तर पाणी लावू नका, चोळूही नका. चिकटपट्टी टेकवून उचला.

फुलं आली की देठ २-३ सेंटिमीटर तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि थंड, अंधाऱ्या जागी रात्रभर पाण्यात ठेवा. त्याच खोलीत पिकलेली फळं नकोत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीनने कार्नेशन मिटतात. फ्लोरल फोम (फुलं टोचायचा, पाणी शोषणारा ठोकळा) पाण्यावर तरंगत ठेवून आपोआप बुडू द्या. वरून दाबला तर आत कोरडा गाभा राहतो आणि तिथे टोचलेली फुलं दोन तासांत सुकतात. तो प्लॅस्टिकच असतो आणि विरघळत नाही, त्यामुळे भांड्यात तारेच्या जाळीचा गोळा बसवणं कधीही चांगलं.

प्रकाश

इथे केलेली चूक बाकीच्या सगळ्या कामावर पाणी फिरवते. निळ्या दिव्याखाली लाल फूल काळं दिसतं, जांभळ्या दिव्याखाली पानं काळवंडतात. रंगीत दिवे फक्त रिकाम्या भिंतीवर आणि छतावर मारा. फुलांवर, जेवणावर आणि चेहऱ्यांवर २७०० ते ३००० केल्विनचा उबदार पांढरा प्रकाश ठेवा. दिव्याचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर मागा, कमी सीआरआयच्या एलईडीत लाल फिका पडतो. उबदार प्रकाशात निळे आणि जांभळे मात्र मंदावतात, म्हणून संध्याकाळच्या समारंभात हे दोन रंग कापडातच एक पायरी लख्ख निवडा. दोन प्रकारचे पांढरे दिवे एकाच भागात आले की विसाव्याचा रंग मळका दिसतो. फोनने दिव्यांचा व्हिडिओ काढून बघा. पट्टे सरकताना दिसले तर ते दिवे कॅमेऱ्यातही लुकलुकणार. कागदी कंदिलांत फक्त एलईडी, मेणबत्ती नाही.

त्या दिवशीचा क्रम

दिवे आणि वायरी, मग कापड, मग कमानी आणि स्टँड, मग टेबलांची कापडं, मग पाट्या, मग फुलं. मेन्यू आणि नावांची कार्डं पाहुणे यायच्या तासभर आधी ठेवा. दमट हवेत कागद वाकतो, क्रेप कागद तर ओल लागली की रंग सोडतो. हाताशी एका डब्यात कात्री, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, टाचण्या, बारीक तार, सेफ्टी पिना, वाफेची इस्त्री, पांढरा आणि काळा पेन, दहा कोरी नावांची कार्डं आणि ओला-कोरडा पुसायचा रुमाल ठेवा. कोरी कार्डं हमखास लागतात. कोणीतरी न कळवता सोबत एकाला आणतंच.

पत्रिकेचे दोन पूर्ण संच कडक फोल्डरात फोटोग्राफरसाठी वेगळे ठेवा, पत्ता न लिहिलेल्या पाकिटासह. सोबत कापडाचे तुकडे, रिबनची हातभर पट्टी आणि मांडणीतली चार-पाच सुटी फुलं द्या. फोटो खिडकीशेजारी, खोलीतले दिवे बंद करून, बरोबर वरून काढायचे; पिवळा दिवा सुरू राहिला तर कागदाच्या एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला पिवळी झाक येते. हे काम फुलं ताजी असताना, समारंभ सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या. फॉइल असेल तर कार्डाची एक कड नाण्याच्या जाडीने उचलून धरा, तिरका उजेड पडला की सोनं चमकतं. सपाट ठेवलं तर फोटोत ते तपकिरी दिसतं.